तुम्ही विचारलंत म्हणून: तळ्यात पाणी काहून नाही?

"भाऊ, एवढा पैसा घालून गड्डा केला, मंग पानी काहून नाही राह्यत त्याच्यात?" पानठेल्यावर विचारतात, लग्नात विचारतात, एकदा तर तेरवीच्या पंगतीत विचारलं. म्हणून लिहूनच टाकतो.

मी बांधलेलं हे तळं पाणी साठवायला केलेलंच नाही. वरच्या लेआउटचं, सिमेंट रोडचं पाणी आता भसकन नाल्यावर येतं, ते दिवस-दीड दिवस अडवायचं अन् बुडाच्या लहान पाइपातून हळूहळू सोडायचं, पुढच्या पावसाला तळं रिकामं पाहिजे. बाकी वर्षभर पोट्टे क्रिकेट खेळतात, काठाचा उतार त्यासाठीच हलका, १:४ ठेवलाय (चार फूट चाललं की एक फूट खाली). मच्छर तयार व्हायला आठवडा तरी लागतो, पाणी त्याआधीच गेलेलं असतं. अन् "मुरू द्या ना जमिनीत" म्हणणाऱ्यांनो, आपली काळी माती ओली होऊन फुगली की काय मुरतं?

एका वर्षी पोळा झाला, गणपती बसले अन् विसर्जनाला पाणी पाहिजे म्हणून कोणीतरी पाइपाची जाळी उपटून आत मातीच्या चुंगड्या कोंबल्या. तळं काठोकाठ. मला फोन, "आता कसं शोभते साहेब!" मी काढायला माणसं पाठवली तर लोकांनी परत धाडली. मग रात्री पाऊस आला, अडवायला जागाच नव्हती, सगळा लोंढा सांडव्यावरून सरळ नाल्यात अन् नाल्यातून खालच्या वस्तीत. सकाळी गेलो तर एक काकू खाटेवर ओली तूरडाळ पसरत होत्या, डब्याच्या बुडाला गाळ. "तुम्हीच बांधलं ना हे?" मी चुंगड्यांचं सांगायला लागलो. "मंग जाळी काहून नाही लावली?" जाळी होती. पण त्या डाळीसमोर उभं राहून ते काय सांगणार?

तेव्हा मी म्हणायचो, लोकांना समजत नाही. आता तसं म्हणवत नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात मी पाणी सोडून देणारं तळं बांधलंय, राग येणारच. भंडारा-गोंदियाचे मामा तलाव (जुन्या मालगुजारांच्या काळातले) दाखवतात मला. अहो, ते धानाच्या पाण्यासाठी बांधलेले, पूर अडवायला नाही!

तरी नंतर एक कोपरा खोल करून घेतला, तिथलं पाणी दिवाळीपर्यंत टिकतं. पाणकणीस आलंय, चतुर किडे फिरतात, त्यांची पिल्लं मच्छराच्या अळ्या खातात, बगळेही येतात. सफाईवाले मात्र बेशरमाच्या झुडपांसोबत पाणकणीसही उपटून नेतात, त्यांच्याशी भांडण चालूच आहे.

यंदा गणपती मंडळाचा परत निरोप आलाय, दोनच दिवस पाइप बंद ठेवा म्हणून. मी नाही म्हटलं. ते आता सरपंचाकडे गेलेत.