दुपारी चार वाजताची मध्यरात्र

मी मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर आहे. घर वसईत, नंदाखालला. माझे सात नाताळ समुद्रावर गेले आहेत आणि त्यांपैकी एकाबद्दल मन अजून स्वस्थ होत नाही.

ब्राझीलहून सोयाबीन भरून आम्ही भूमध्य समुद्राकडे निघालो होतो. जहाजावरचे बहुतेक खलाशी फिलिपिनो. त्यांचा नाताळ १६ डिसेंबरलाच सुरू होतो, पहाटेच्या नऊ मिस्सांनी, म्हणजे चर्चमधल्या उपासनांनी. जहाजावर धर्मगुरू नसतो, म्हणून ते पहाटे मेसरूममध्ये जमून रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत. आमच्या फिटरने वेल्डिंगच्या कांड्या वाकवून तिथे पाच टोकांची चांदणी टांगली होती. तिला ते पारोल म्हणतात. तिच्यातला एकही सांधा डोळ्यांना खुपत नव्हता.

जहाजाचे घड्याळ तेव्हा ग्रीनिचच्या वेळेवर होते. त्यामुळे वसईत मध्यरात्र होई तेव्हा आमच्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असत आणि फिलिपिन्समध्ये होई तेव्हा दुपारचे चार. त्या मध्यरात्री त्यांच्याकडे सारे कुटुंब एकत्र जेवते. त्या जेवणाला नोचे बुएना म्हणतात. फिटरची मुलगी सात महिन्यांची होती आणि तिला त्याने फक्त फोनवर पाहिले होते. इंजिनरूममध्ये फोनला सिग्नल मिळत नाही, म्हणून २४ तारखेची चारची वेळ त्याने माझ्याकडून आधीच मागून घेतली होती आणि मी ती दिली होती.

त्या सकाळी इंजिनच्या चौथ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टचे, म्हणजे बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूचे, तापमान चढू लागले. बाकीचे पाच ३५० अंशांच्या आसपास असताना ते ४३० वर गेले, आणि कॉम्प्रेशनचा दाबही घसरला होता. तो वायू बाहेर सोडणारी झडप, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, जळू लागल्याची ती खूण होती. दुसऱ्या दिवशी पहाटे जिब्राल्टरची सामुद्रधुनी पार करायची होती, जी सर्वांत अरुंद जागी अवघी १४ किलोमीटर आहे आणि जिथे दोन्ही दिशांनी जहाजांची रीघ असते. तिथे इंजिन थांबले तर काय होईल, हे समजावून सांगायची गरज नाही. दुसरा मार्ग असा होता, की त्या सिलिंडरचे इंधन तोडून कमी वेगाने पलीकडे जावे आणि मग काम काढावे. चीफ इंजिनिअरनी निर्णय माझ्यावर सोपवला. त्यांचे ते वागणे मला आजही पटत नाही. समुद्र शांत होता. मी एक वाजता इंजिन थांबवायला लावले.

थांबलेले इंजिन हळूहळू फिरवणारा टर्निंग गिअर जोडला, त्या सिलिंडरला थंड ठेवणारे जॅकेटचे पाणी उतरवले, व्हॉल्व्ह मिटवणाऱ्या हवेच्या स्प्रिंगमधली हवा सोडली. मग हायड्रॉलिक जॅकने ९०० बार दाब देऊन चार नट सैल करायचे होते. तीन सुटले, चौथ्याने तास खाल्ला. त्यामुळे चारच्या ठोक्याला शेकडो किलोंचा जुना व्हॉल्व्ह क्रेनवर लटकत होता, जहाज हलकेच डोलत होते आणि फिटर सिलिंडरवर ओणवा होऊन व्हॉल्व्हची बैठक साफ करत होता. तिथे काजळीचा एक कण राहिला, तरी नवा व्हॉल्व्ह गळतो. ते काम त्याच्याइतक्या हळुवारपणे करणारा दुसरा कोणी जहाजावर नव्हता. त्याने एकदाच घड्याळाकडे पाहिले. मी त्याला ‘जा’ म्हटले नाही.

आम्ही सात वाजून दहा मिनिटांनी वर आलो. जहाज स्वतःच्या ताब्यात नसल्याची खूण म्हणून लावलेले दोन लाल दिवे, एकावर एक, अजून जळत होते. माझे साडेसहाही हुकले होते, पण ते मी हिशेबात धरत नाही, कारण निर्णय माझा होता.

जुन्या व्हॉल्व्हच्या काठावर नखाएवढी रुंद खाच जळून पडली होती. चीफ म्हणाले, तुमचे बरोबर होते. मला मात्र वाटते, इंधन तोडले असते तर तो व्हॉल्व्ह दुसऱ्या दुपारपर्यंत टिकलाही असता. सहा तास का थांबलात, अशी विचारणा कार्यालयाकडून २६ तारखेला आली. काम कोणी केले, हे तिथल्या कोणालाही विचारावेसे वाटले नाही.

फिटरचा फोन आठ वाजता लागला, तेव्हा त्याच्या घरी पहाटेचे चार वाजले होते. बायकोने झोपलेल्या मुलीवर फोन धरून ठेवला, एवढेच त्याने मला सांगितले. दुसऱ्या दिवशी सामुद्रधुनीत चौथ्या सिलिंडरचे तापमान ३४५ होते. त्याची ड्युटी नव्हती, तरी तो खाली येऊन ते पाहून गेला.