जुनी ग्रिल, नवा विस्तव : आमची वाटचाल

शिकागोच्या पश्चिम उपनगरात आमचं छोटंसं वर्कशॉप आहे. कोळशावर चालणाऱ्या जुन्या ग्रिल आम्ही दुरुस्त करतो. त्यातल्या बहुतेक वेबर केटल असतात, तीन पायांवर उभ्या, घुमटासारख्या झाकणाच्या गोल ग्रिल. मी पुण्याला सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजात मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्र, शिकले आणि नवऱ्याचा हात लाकूडकामात बसलेला. इथे कचऱ्याच्या गाडीच्या दिवशी लोक घरासमोर ग्रिल ठेवून देतात, ‘गंजली’ म्हणून. उचलून पाहिलं की दहातल्या निम्म्या तरी आतून ठणठणीत निघतात. मला ते बघवत नव्हतं. आधी घरच्या गॅरेजमध्ये काम सुरू केलं, मग शेजाऱ्यांच्या ग्रिल आल्या, मग महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला आमचीच केटल पेटली आणि तिथून ओळखीओळखीने गिऱ्हाईक वाढत गेलं.

ही ग्रिल मूळची आमच्याच भागातली. शिकागोतल्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये पाण्यावर तरंगणारे लोखंडी बोये बनत. तिथे काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये त्या गोळ्याचे दोन भाग केले. खालच्याला पाय लावले, वरच्याला मूठ लावली. झाकण घातलं की विस्तव विझायचा, तेव्हा शेजाऱ्याने भोकं पाडायला सुचवलं, असं सांगतात. गोष्ट किती खरी ते असो, पण केटलचं मर्म त्यात आलं. ही ग्रिल हवेवर चालते. कोळसा किती घातला याच्यापेक्षा खालून हवा किती शिरते आणि वरून किती निघते, यावर आच ठरते. आमचं सगळं काम या एका गोष्टीभोवती फिरतं.

गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतं ते रंगाचं. ‘झाकणाच्या आतला काळा रंग सुटतोय, विषारी नाही ना?’ तो रंग नसतोच. धूर आणि चरबी वर्षानुवर्षं जळून तो थर बसलेला असतो आणि त्याचेच पापुद्रे सुटतात. ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा करून घासला की थर निघतो आणि खाली एनॅमल चकाकतं. आपल्याकडे जुन्या घरांतून निळ्या काठाच्या एनॅमलच्या थाळ्या आणि टमरेलं असायची, तेच हे. काचेची पूड पोलादावर ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजून चिकटवलेली. ती शंभर वेळा धुवा, काही होत नाही. पण टवका उडाला की पोलाद उघडं पडतं आणि गंज तिथून शिरतो. तापलेल्या झाकणावर गार पाणी मात्र कधीही ओतू नका, एनॅमलला तडे जातात.

सँडब्लास्टिंग करून (वाळूचा मारा करून) वर रंग मारून द्या, अशी मागणी नेहमी येते. आम्ही ते काम घेत नाही. फॅक्टरीतलं एनॅमल एकदा उडवलं की वर्कशॉपात परत आणता येत नाही. उष्णतारोधक रंग त्याच्या जवळपासही टिकत नाही. टवक्याच्या जागचा गंज घासून तिथे तेल लावायचं, आणि तो डाग तसाच राहू द्यायचा. पन्नास वर्षं वापरलेल्या वस्तूवर खुणा असणारच. एका गृहस्थांनी वडिलांची चॉकलेटी केटल आणली होती. तिची लाकडी मूठ एका बाजूने करपली होती. नवऱ्याने नवी मेपलची मूठ करायची तयारी दाखवली, तर ते म्हणाले, ‘नको, बाबांचा हात तिथेच असायचा.’ मग जुनीच मूठ घासून, तेल पाजून बसवली.

जाळीचा गंज आम्ही बहुतेक वेळा विजेने काढतो. धुण्याच्या सोड्याचं पाणी, बॅटरी चार्जर, आणि चार्जरच्या धन टोकाला जोडायला साध्या लोखंडाचा तुकडा, जो जाळीच्या बदल्यात झिजतो. तो तुकडा स्टेनलेसचा कधीच नको, त्यातून घातक क्रोमियम पाण्यात उतरतं. जस्ताचा मुलामा दिलेल्या जाळ्याही आम्ही स्वयंपाकाला वापरत नाही. आणि तारेचा ब्रश वर्कशॉपातून हद्दपार केला आहे, कारण सुटलेली तार अन्नातून पोटात गेलेली माणसं हॉस्पिटलात पोचतात.

सगळ्यात जास्त वेळ जातो हवेची भोकं उघडबंद करणाऱ्या झडपांवर. जुन्या केटलच्या तळाला तीन स्वतंत्र झडपा असतात. रिव्हेट गंजून त्या घट्ट बसलेल्या असतात, नाहीतर इतक्या सैल की बंद होतच नाहीत. रिव्हेट ड्रिलने काढायचं, झडप सपाट करायची, नवं बसवायचं. झाकणाची कड वाकलेली असेल तर ती गोल करून घ्यायची. मग परीक्षा. निखारे चांगले फुलले की झाकण लावून वरची-खालची सगळी भोकं बंद करायची. विस्तव गुदमरून विझला पाहिजे आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता आला पाहिजे. विझला नाही तर हवा कुठून तरी शिरतेय, ग्रिल परत टेबलावर.

त्यानंतर त्या ग्रिलवर आम्ही जेवण करतो. हा आमचा नियम आहे आणि त्याचे पैसे लावत नाही. कोळसा चिमणीत, म्हणजे पत्र्याच्या उभ्या नळकांड्यात, कागदावर पेटवायचा. पेटवायचं लिक्विड नको, अन्नाला वास लागतो. निखारे एका अर्ध्या भागात लोटायचे, दुसरा अर्धा रिकामा. दह्यामसाल्यात मुरवलेल्या तंगड्या रिकाम्या बाजूला ठेवून झाकण घालायचं, वरची झडप पूर्ण उघडी, खालच्या अर्ध्या. थेट आचेवर दही आधी जळतं आणि आत मांस कच्चं राहतं. हाडाजवळ ७४ अंश सेल्सिअस झाले की शेवटी दोन मिनिटं निखाऱ्यावर, रंग येण्यापुरतं. लेक मिशिगनच्या व्हाइटफिशला मालवणी मसाला फार छान लागतो. जाळी कडक तापलेली हवी, मासा कोरडा हवा, आणि तो आपणहून सुटेपर्यंत उलटायचा नाही. वांगं मात्र सरळ निखाऱ्यातच. ऑगस्टमध्ये इलिनॉयचं मक्याचं कणीस सालासकट. हे खायला गिऱ्हाईक थांबतं, झडपा हाताने हलवून बघतं, आणि ग्रिल कशी चालवायची ते तिथेच कळतं.

आता विस्कॉन्सिन आणि मिशिगनहूनही लोक गाडीत घालून ग्रिल आणतात. हिवाळ्यात त्या घ्यायच्या आणि मे महिन्यापर्यंत द्यायच्या, असं आम्ही ठरवलं आहे, कारण उन्हाळ्यात घाई होते आणि घाईत झडपा नीट बसत नाहीत. सध्या टेबलावर एक पिवळी केटल आहे. तिच्या दोन झडपा बसल्या आहेत आणि तिसरीचं रिव्हेट काढायचं चाललं आहे.