तुम्ही विचारलंत म्हणून : सकाळच्या नेटवर नवख्यानं बोलायचं कधी?

हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी रेडिओचं, कॉलसाइन (परवान्याबरोबर मिळणारी ओळखखूण) नुकतंच मिळालेला माणूस, मग तो नौपाड्यातला असो की नेरुळचा, नेटबद्दल, म्हणजे रेडिओवरच्या रोजच्या जमण्याबद्दल, हा प्रश्न विचारतोच : "रोज सकाळी तीच आठ-दहा माणसं बोलत असतात. एकमेकांना अरे-तुरे करतात, कुणाच्या गुडघ्याची चौकशी करतात, मध्येच हसतात. आपण मध्ये बोललो तर आगाऊपणा नाही ना वाटणार?"

नाही वाटणार. बोलायची जागा ठरलेली आहे, फक्त ती चार-पाच दिवस नुसतं ऐकल्याशिवाय सापडत नाही.

ज्यांना हे काय चाललंय तेच माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. परीक्षा देऊन डब्ल्यूपीसीकडून, म्हणजे केंद्र सरकारच्या बिनतारी परवाने देणाऱ्या कार्यालयाकडून, परवाना मिळतो आणि व्हीयू टू किंवा व्हीयू थ्रीनं सुरू होणारं कॉलसाइन मिळतं. गावातल्या गावात बोलणं बहुतेक दोन मीटर पट्ट्यात, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झमध्ये, एफएमवर चालतं. हातात मावणारा सेट म्हणजे हँडी, ती साधारण पाच वॉटची. उंचावर बसवलेला रिपीटर तिचा आवाज एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी ६०० किलोहर्ट्झ बाजूच्या दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर जोरात पुढे सोडतो. ठरलेल्या वेळी त्या रिपीटरवर जमणं म्हणजे नेट, आणि पाळी कुणाची हे सांगणारा तो नेट कंट्रोल.

रिपीटर एका वेळी एकाचंच ऐकतो. बटण दाबलेलं असताना तुमचा स्वतःचा सेट बहिरा असतो. त्यामुळे दोघं एकदम बोलले तर दोघांनाही ते कळत नाही, कळतं ते बाकी सगळ्यांना. ज्याचा सिग्नल जोरकस तो वर येतो, दोन्ही सारखे असतील तर नुसती करकर. या एका अडचणीतून नेटवरच्या जवळजवळ सगळ्या रीती निघाल्या आहेत. पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे मध्ये सोडलेली फट.

नीट कान देऊन ऐका. एकानं "ओव्हर" म्हणून बटण सोडलं की मुरलेला माणूस लगेच बोलत नाही. रिपीटरचा बीप वाजू देतो, आणखी दोनेक सेकंद जाऊ देतो, मगच बटण दाबतो. नवख्याला वाटतं, काका विचार करताहेत. काका विचारबिचार काही करत नसतात. कुणाला तातडीचं सांगायचं असेल तर त्यानं शिरावं कुठून, म्हणून ती फट. दुसरं कारण यंत्राचं. रिपीटरला टायमर असतो, पुष्कळ ठिकाणी तीन मिनिटांचा, आणि तो शून्यावर येतो बीपनंतर. बीपच्या आधीच पुढच्यानं बटण दाबलं तर आधीच्याची मिनिटं याच्या खात्यात जमा होतात आणि ऐन रंगात आलेल्या वाक्यावर रिपीटर बंद पडतो. मग "अहो, कुठे गेलात?" सुरू.

तुमची जागा तीच फट. बटण दाबा, मनात "एक" म्हणा आणि मग कॉलसाइन सांगा. तो "एक" सोडू नका. रिपीटरला तुमचा टोन (तुमच्या आवाजाखाली सेट सोडतो तो ठरलेला बारीक सूर) ओळखून दार उघडायला अर्धा-पाऊण सेकंद लागतो, तेवढ्यात बोललेलं गिळलं जातं आणि "व्हिक्टर युनिफॉर्म थ्री" मधलं "फॉर्म थ्री" तेवढं पोचतं. कॉलसाइन एकदाच सांगायचं, तेही व्हीसाठी व्हिक्टर, यूसाठी युनिफॉर्म अशी फोड करून, कारण कमजोर सिग्नलमध्ये बी, डी, पी, टी सगळे सारखेच ऐकू येतात. मग बटण सोडून गप्प. नमस्कार, नाव, गाव, आज पहिल्यांदाच येतोय वगैरे सगळं नेट कंट्रोलनं बोलावल्यावर. "ब्रेक" हा शब्द इथे पुष्कळ जण तातडीसाठीच राखून ठेवतात, "गुड मॉर्निंग" म्हणण्यासाठी तो खर्च करू नये.

एवढं सगळं बरोबर करूनही कुणी उत्तर दिलं नाही तर रुसू नका. ऐकू येतं म्हणजे ऐकवता येतंच असं नाही. रिपीटरकडे उंची आहे आणि तुमच्यापेक्षा जास्त पॉवर, तुमच्याकडे पाच वॉट आणि सेटबरोबर आलेला बोटभर रबरी अँटेना. मध्ये पारसिकची डोंगररांग किंवा घोडबंदर रोडचे टॉवर. आधी तीन गोष्टी तपासा : शिफ्ट (तो ६०० किलोहर्ट्झचा फरक) वजा आहे की अधिक, टोन घातला आहे का, आणि सेट नॅरोवर, म्हणजे अरुंद एफएमवर, तर नाही ना. नॅरोवर असेल तर सिग्नल पूर्ण पोचतो पण आवाज विहिरीतून आल्यासारखा बारीक येतो. लोक सांगतात "जरा मोठ्यानं बोला" आणि बिचारा ओरडतो. एफएमवर ओरडून पल्ला वाढत नाही, आवाज फाटतो. माइक तोंडापासून चार बोटं, किंचित तिरका, आणि नेहमीचा आवाज. तरीही नसेल जमत तर खोलीतून गॅलरीत या आणि दोन पावलं बाजूला सरका. इमारतींवर आपटून येणाऱ्या लाटा एकमेकींना मारतात, म्हणून एका फरशीवर मेलेला सिग्नल शेजारच्या फरशीवर जिवंत असतो.

आता रिपोर्टबद्दल, म्हणजे समोरच्याचा सिग्नल कसा येतोय हे सांगण्याबद्दल, कारण इथे जुने लोकही चुकतात. "फाइव्ह नाइन, काका!" (स्पष्टपणा पाच, ताकद नऊ, म्हणजे उत्तम) हे आपल्याकडे "जेवलात का?" सारखं झालंय, उत्तराची कुणाला अपेक्षा नसते. मुळात रिपीटरवरून बोलताना तुमच्या मीटरवर जी काडी हलते ती रिपीटरची ताकद असते, समोरच्याची नव्हे. तुर्भ्यात तळघरात बसून बोलणारा आणि छतावर अँटेना लावलेला, दोघंही तिथे नाइनच दिसतात. उपयोगाचा रिपोर्ट असा : "आवाज स्वच्छ, मागे थोडी खरखर, शब्दांचे शेवट तुटताहेत." एवढं सांगितलं की त्याला कळतं आपण काठावर आहोत, अँटेना वर न्यायला हवा. नवख्याला वाईट वाटेल म्हणून खोटा फाइव्ह नाइन देणं हा मला तरी शिष्टाचार वाटत नाही.

सिग्नलमधला दोष नेटवर सांगतात, वागण्यातली चूक मात्र फोनवर. कुणी कॉलसाइन न सांगता नुसतं बटण दाबून रिपीटर जिवंत आहे का बघत असेल, पाच मिनिटं अखंड बोलत असेल, दुकानातला माल विकत असेल (हौशी रेडिओवर धंदा चालत नाही, हा नियमच आहे), तर नेट संपल्यावर त्याला फोन जातो. चारचौघांत नाही. बटण अडकलं तर मात्र फोनला उशीर नको. हँडी पाठपिशवीत दाबली गेली की रिपीटरभर पिशवीची खसखस आणि ठाणे स्टेशनची उद्घोषणा ऐकू येते आणि बाकी सगळे मुके होतात.

चावटपणा करणारेही असतात. मध्येच गाणं लावतात, शिट्टी मारतात. जुन्यांची रीत एकच : तो नाहीच असं समजून पुढे बोलायचं. "कोण आहे रे तो?" म्हटलं की त्याला हवं ते मिळालं. कुणीतरी गुपचूप रिपीटरच्या इनपुटवर, म्हणजे रिपीटर ज्या फ्रिक्वेन्सीवर ऐकतो तिच्यावर, ऐकतो. थेट ऐकू आला तर तो जवळपासच आहे. मग हँडी छातीशी धरून स्वतःभोवती सावकाश फिरायचं. सिग्नल सगळ्यात कमी होतो तेव्हा तुमचं शरीर आड आलेलं असतं, म्हणजे पाहुणा तुमच्या पाठीमागच्या दिशेला.

गुडघ्याच्या चौकशीमागचा जिव्हाळा खरा दिसतो तो रविवारी, गच्चीवर. एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा, आकडा एकाच्या जितका जवळ तितका चांगला) एकाकडे असतो आणि दहा घरं फिरतो. नवीन माणसाला अँटेना चढवायला दोघं-तिघं येतात, सेक्रेटरींना समजावण्याचं काम सगळ्यात पिकल्या केसांच्या माणसाकडे. तुम्ही आधी केबल मोजून ठेवा. पातळ आरजी-५८ जातीची केबल पंधरा मीटर घातली तर या फ्रिक्वेन्सीला निम्मी पॉवर केबलमध्येच जिरते. तेवढ्या लांबीला जाड आरजी-२१३ घ्या. कनेक्टरवर पाणीबंद टेप मे संपायच्या आत गुंडाळा, कारण खाडीकडच्या वाऱ्यात जुलैपर्यंत आत पाणी शिरतं आणि एसडब्ल्यूआर दीडवरून तीनवर गेलेला असतो. मीटर परत करताना त्याच्या जोडवायरी सकट करा. नेटवरच्या निम्म्या थट्टा त्या हरवलेल्या जोडवायरीवरच असतात.

धो धो पाऊस लागला की हेच नेट एकदम तुटक होतं. थट्टा बंद. कुठे, काय, किती, किती वाजता, एवढंच. "महापे पुलाखाली पाणी, गुडघाभर, चार वाजून दहा मिनिटं, स्वतः पाहिलं." शेवटचे दोन शब्द मोलाचे. मोबाइलवर आलेलं पुढे ढकलायचं असेल तर तसं सांगायचं, नाहीतर एकच डबकं चार जणांच्या तोंडून चार ठिकाणी साचतं. दोघांनाच बोलायचं असेल आणि थेट पोचत असेल तर रिपीटर सोडून सिम्प्लेक्सवर, म्हणजे सेट-टू-सेट एकाच फ्रिक्वेन्सीवर, जायचं.

आणि हे सगळं कुणीही ऐकू शकतं, हे विसरू नका. "आठवडाभर गावाला चाललोय" हे नेटवर सांगायचं नसतं, कितीही घरच्यासारखं वाटलं तरी.

निघताना कॉलसाइन सांगून "सेव्हन्टी थ्री", म्हणजे शुभेच्छा, एवढं पुरे. त्यानंतर आठवलेल्या गोष्टीसाठी पुन्हा बटण दाबू नका, उद्या सांगा. सेट मात्र लगेच बंद करू नका. पहिल्या दिवशी तरी नेट संपल्यावर दहा मिनिटं चालू ठेवा. कुणीतरी तुमचं कॉलसाइन हमखास चुकीचं घेऊन विचारतंच, "ते नवीन आलेले... अँटेना कुठल्या मजल्यावर आहे हो तुमचा?"