उडत्या तबकड्यांची छाननी: अगस्त्य आणि दोरीची कसोटी

फेब्रुवारीत येणाऱ्या 'उडती तबकडी दिसली' अशा नोंदींची पद्धत आता पक्की झाली आहे. नवी मुंबईचा पाम बीच रोड असो की ठाण्यातल्या घोडबंदर रोडचा वरचा मजला, वर्णन बहुतेक एकच असतं: दक्षिणेला, इमारतींच्या जरा वर, लाल-हिरवा-निळा चमकणारा, एका जागी थांबलेला दिवा. पहिला संशय अगस्त्य या तेजस्वी ताऱ्यावरच घ्यावा.

ठाण्याचा अक्षांश १९.२°, अगस्त्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंशांतलं अंतर, दक्षिणेला उणे) उणे ५२.७°. म्हणजे तो चढून चढून १८° वर येतो. हात ताठ धरला तर दोन मुठींपेक्षाही कमी. इतक्या खालून येणारा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्यापेक्षा तिपटीहून जास्त हवेतून येतो. गरम-थंड थरांत प्रत्येक रंग थोडा वेगळा वळतो आणि रंग आळीपाळीने डोळ्यांत येतात. फेब्रुवारीच्या मध्याला रात्री साडेनऊला तो ठीक दक्षिणेला असतो आणि जवळजवळ त्याच्या डोक्यावर, ३६° अंतरावर, व्याध हा तारा. जोडी दिसली की निम्मं काम झालं.

उरलेलं काम दोरीचं. ग्रिलला मीटरभर सुतळी बांधून खाली नट लटकवावा, खुर्चीत बसून डोकं भिंतीला टेकवावं आणि तारा सुतळीमागे जाताना वेळ लिहावी. अगस्त्य १० मिनिटांत दीड अंश उजवीकडे सरकतो, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या तिप्पट रुंदी. दुसऱ्या दिवशी तो ४ मिनिटं आधी सुतळीमागे येतो, आठवड्याने २८ मिनिटं. हा हिशेब जुळला की वाद संपला. डोकं हललं तर मात्र सगळी नोंद वाया जाते. सुतळीशिवाय टक लावून पाहू नये: अंधारात एकटा ठिपका स्थिर असूनही डोळ्याला हिंडताना दिसतो.

मोबाइलचे झूम केलेले व्हिडिओ पुरावा धरू नयेत. ऑटोफोकस सुटला की ताऱ्याची गोल तबकडी होते. कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स, एफ २.८, आयएसओ ८००, २ सेकंद ठेवून उघड्या शटरवर कॅमेरा हळूच फिरवावा. ताऱ्याची रेघ रंगीत मण्यांच्या माळेसारखी उमटते, ग्रहाची एकरंगी आणि सलग. ही चाचणी आम्हाला सर्वांत आवडते. तारे ओळखणाऱ्या मोबाइल अॅपचं होकायंत्र ग्रिलच्या लोखंडाने चुकतं. २ मीटर दूर उभं राहावं.

येऊरच्या डोंगरामागे अचानक विझणारा तेजस्वी दिवा बहुधा शुक्र. समोरून येणाऱ्या विमानाचा दिवाही थांबल्यासारखा वाटतो, पण काही मिनिटांत वळतो. चूक कोणाकडूनही होते: २०१२-१३ मध्ये लडाखमधल्या सैनिकांनी नोंदवलेले दिवे गुरु आणि शुक्र असल्याचं बेंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेतल्या खगोलशास्त्रज्ञांनी दाखवलं.

पुढची नोंद स्वाती ताऱ्याची. एप्रिलच्या मध्याला रात्री ८ वाजता तो पूर्वेला दीड मूठ वर असतो आणि खूप चमचमतो. क्रांती १९° असल्याने मध्यरात्रीनंतर तोच आपल्या थेट डोक्यावर येतो, शांत आणि नारिंगी. दोन्ही वेळांचे फोटो एकाच रात्री, त्याच सेटिंगवर घ्यावेत.