मरायलाच सोडायची, तर वाढवता कशाला?

आम्ही बँडिकूट नावाचे प्राणी पिंजऱ्यात वाढवून रानात सोडतो, ते कशाला, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. नाशिकची मावशी फोनवर विचारते, इथे मेलबर्नमध्ये गणपतीच्या पंगतीत कुणीतरी विचारतंच, "पिंजऱ्यातलं जनावर बाहेर सोडलं की कोल्हा खाणारच. मग वाढवता कशाला?"

आधी एक सांगते, बँडिकूट म्हणजे घूस नाही. हे नाव तेलुगूतल्या घुशीच्या शब्दावरून आलं आणि इथे भलत्याच प्राण्याला चिकटलं. आमचा ईस्टर्न बार्ड बँडिकूट पोटाला पिशवी असलेला, कांगारूच्या गोतातला. वजन पाऊण किलो, लांबुडकं नाक, ढुंगणावर फिकट पट्टे. पिशवीचं तोंड मागे, म्हणून उकरताना पिल्लांवर माती उडत नाही. मादी गाभण राहिली की साडेबारा दिवसांत विते. इतक्या भराभर वाढणारी जात पिल्लं कमी पडली म्हणून संपत नाही. इथल्या व्हिक्टोरिया राज्यातली गवताळ रानं शेतीत आणि मेंढ्यांच्या कुरणांत गेली, वर बाहेरून आणलेले कोल्हे. मुख्य भूमीवरचे शेवटचे उरलेले हॅमिल्टन गावात होते, तिथून धरून आणून 1988 पासून पैदास सुरू झाली.

म्हणजे वाढवणं सोपं होतं. हे कळायला मला फार वेळ लागला.

मी स्वयंसेवक होते. कोल्हे शिरू नयेत म्हणून कुंपण घातलेल्या एका जागी (नाव सांगत नाही) आम्ही काही जनावरं सोडली होती. त्यातली एक मादी मीच कापडी पिशवीतून नेली होती. वाटभर पिशवीतून तिचं काळीज माझ्या तळव्याला लागत होतं. पिशवीचं तोंड सोडलं तरी ती लगेच निघाली नाही, आधी नाक बाहेर काढून हुंगत राहिली. पुढे एका संध्याकाळी वादळ झालं. कुंपणाची फेरी माझी होती. पाऊस धो धो होता, मी ती सकाळवर ढकलली. रात्रीत झाड पडून जाळी लोळली होती. सकाळी रिसीव्हरवर तिचा सिग्नल एकाच जागेवरून येत होता. गवताच्या झुबक्याशी शेपटीचा तुकडा सापडला, त्याला आम्हीच टेपने लावलेला ट्रान्समीटर. शेजारी कोल्ह्याची पावलं, ओल्या मातीत अगदी स्वच्छ. तिच्या पोटाच्या पिशवीत पिल्लं होती की नव्हती, ते कधी कळलं नाही.

सगळे म्हणाले, रात्री जाऊनही काही झालं नसतं. असेल. मी गेले नव्हते, एवढं खरं.

त्याआधीची मी तुमच्याशी भांडले असते. किती सोडले, किती वाढले, आकडे तोंडपाठ होते. विमानतळाजवळच्या वुडलँड्स पार्कात सोडलेले शेकड्यांनी वाढले आणि दुष्काळात, कोल्ह्यांपायी संपले, तेही मी "शिकलो त्यातून" म्हणून सांगायचे. आता ते शब्द तोंडातून निघत नाहीत.

पण तुमचं म्हणणंही मी मान्य करणार नाही. कोल्हे हटवलेल्या फिलिप बेटावर 2017 मध्ये त्यांना सोडलं, तिथे ते कुंपणाशिवाय जगतात. 2021 मध्ये व्हिक्टोरियात त्यांच्यावरचा "जंगलातून नामशेष" हा शिक्का निघून "धोक्यात" असा झाला. मेलबर्नला त्या दिवशी मी शिरा केला, मावशीला फोन केला. ती म्हणाली, "मग ती मेली ते बरं झालं म्हणायचं का?"

नाही. तसं मी म्हणत नाही. सोडायलाच नको होती, असंही म्हणवत नाही.