वरची सळई, खालची सळई

शाळेच्या सभागृहाचा स्लॅब टाकला त्या वर्षी मी नववीत होतो. आदल्या दुपारी विज्ञानाच्या बाई आम्हाला दहा-दहाच्या गटाने शिडीवरून सेंट्रिंगवर, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्यावर, घेऊन गेल्या. खाली तापलेल्या लोखंडी प्लेटा, वर सळयांची जाळी. "सळईवर पाय द्यायचा नाही, प्लेटेवर ठेवा," हे बाईंचं पहिलं वाक्य. मग त्यांनी विचारलं, "जाळी तळाशी का बांधलीय? मध्ये का नाही?" कुणालाच येईना. सळया बांधणारा फिटरही हातातला आकडा थांबवून ऐकत होता. "उद्या लांब खोडरबर घेऊन या," एवढं सांगून बाई खाली उतरल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंनी खोडरबराच्या बाजूवर पेनने जवळजवळ उभ्या रेघा ओढायला लावल्या. दोन कंपासपेट्यांमध्ये थोडी फट ठेवून त्यावर ते आडवं ठेवायचं आणि मधोमध बोटाने दाबायचं. वरच्या अंगाला रेघा एकमेकींजवळ आल्या, खालच्या अंगाला फाकल्या आणि मध्ये होत्या तशाच राहिल्या. वर दाब, खाली ताण. मग बाईंनी खडू घेतला, तसाच दाबला. तो न वाकताच कट्‌कन तुटला. काँक्रीट या खडूच्या जातीचं आहे, हे त्या दिवशी कळलं. दाब ते भरपूर सोसतं, पण ताणाच्या बाबतीत त्याची ताकद ढोबळमानाने दाबाच्या दहाव्या हिश्शाइतकीच. म्हणून जिथे ताण, तिथे लोखंड. ही दोघं इतकी वर्षं एकत्र नांदतात याला आणखी एक कारण आहे. उन्हाने दोन्ही जवळजवळ सारखीच प्रसरण पावतात. तसं नसतं, तर दरवर्षीच्या उन्हाळ्यात त्यांची एकमेकांवरची पकड सुटत गेली असती.

सेंट्रिंगवर आणखी एक गोष्ट दिसली होती. भिंतीजवळ आल्यावर निम्म्या सळया तिरक्या वाकवून वर उचललेल्या होत्या. ते कोडं बाईंनी गॅलिलिओच्या एका गोष्टीने सोडवलं. 1638 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने ती सांगितली आहे. संगमरवराचा एक मोठा खांब दोन्ही टोकांना ओंडक्यांवर आडवा ठेवला होता. मधोमध तुटू नये म्हणून कुणीतरी मध्ये तिसरा ओंडका सरकवला. काही महिन्यांनी खांब तुटला, आणि तुटला तो नेमका त्या नव्या ओंडक्यावर. टोकाचा एक ओंडका कुजून खचला, मधला मात्र घट्ट राहिला, त्यामुळे खांबाचा अर्धा भाग नुसता हवेत लोंबत होता. आधाराच्या डोक्यावर ताण वरच्या अंगाला येतो. "मग तिथे सळई कुठे हवी?" बाईंनी विचारलं. सगळा वर्ग ओरडला, "वर!"

दगडाला सळई नसते. त्याच वर्षी सहलीत सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर पाहिलं. मुलं कोरीवकाम बघत होती, तेव्हा बाई आम्हा चार-पाच जणांना मंडपात दोन खांबांमधलं अंतर पावलांनी मोजायला लावत होत्या. यादवकाळातल्या त्या कारागिरांना दगड ताणात दगा देतो हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून खांब जवळजवळ, तुळया आखूड. कोपऱ्यांवर तिरपे दगड टाकून मधली पोकळी थराथराने लहान करत आणायची, की शेवटचा दगड अगदी छोटा पुरतो. मला ते छत नक्षीपेक्षाही सुंदर वाटलं, आजही वाटतं.

दहावीत काचेची चीप हाती आली. टाचण्या टोचून किरणाचा मार्ग काढायचा प्रयोग सगळ्यांनीच केला असेल. आत शिरताना किरण वळतो, बाहेर पडताना तेवढाच उलटा वळतो, आणि निर्गत किरण आपाती किरणाला समांतर निघतो, फक्त थोडा बाजूला सरकलेला. काचेचा अपवर्तनांक दीडच्या आसपास असल्याने सहा सेंटिमीटर जाडीची चीप वरून सरळ पाहिली तर चारच सेंटिमीटरची भासते. हे पुस्तकात होतं. पुस्तकात नव्हतं ते बाईंनी गावातल्या काचवाल्याच्या दुकानात दाखवलं. त्याने काचेवर हिऱ्याच्या कलमाने एक बारीक रेघ मारली, रेघ वरच्या बाजूला ठेवली आणि रेघेच्या दोन्ही अंगांना खाली दाब दिला. काच रेघेवरच तुटली. ताण वरच्या अंगाला, आणि तिथेच ओरखडा. कडक काच, म्हणजे टफन केलेली, याच्या बरोब्बर उलट वागते. तापवून ती झटकन थंड करतात, त्यामुळे तिच्या पृष्ठभागात आधीच दाब भरलेला असतो. बाहेरून येणाऱ्या ताणाला आधी तो दाब संपवावा लागतो. पुढे अभियांत्रिकीला पूर्वप्रतिबलित काँक्रीट, म्हणजे ताणलेल्या तारांनी ज्यात आधीच दाब भरून ठेवतात ते, शिकलो, फ्रेसिने या फ्रेंच अभियंत्याचं 1928 चं पेटंट वाचलं, आणि थेट तो काचवाला आठवला.

इतकं शिकूनही माझ्या हातून चूक झाली. नोकरीला लागून तिसराच महिना होता. एका बंगल्याचा चार फुटी छज्जा होता. छज्ज्याला एकाच बाजूने आधार, म्हणून मुख्य सळया वरच्या अंगाला. सकाळी मी त्या तपासल्या आणि सिमेंटच्या गोण्या मोजायला खाली गेलो. वरच्या सळया उचलून धरणाऱ्या चेअर पुरेशा नव्हत्या. घमेली घेऊन माणसं त्यावरून येत-जात राहिली. पाच इंची छज्ज्यात वरून पाऊण इंचावर असायला हवी ती सळई साडेतीन इंच खाली गेली, आणि माल पडल्यावर कुणाला दिसणार? चौदा दिवसांनी टेकू काढायला घेतले तर भिंतीलगत वरून एक चीर पडली आणि डोळ्यांदेखत रुंदावत गेली. टेकू पुन्हा लावले. कुणाला इजा झाली नाही. छज्जा फोडला आणि नव्याने टाकला.

तेव्हापासून कुणी "साहेब, जास्तीच्या चार सळया टाकून देऊ, पक्कं होईल" म्हणालं, तर मी त्यांना बसवून समजावतो. प्रमाणात लोखंड असेल तर ते आधी ताणलं जातं, स्लॅब झुकतो, चिरा दिसतात, खालच्या माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. गरजेपेक्षा फार जास्त भरलं, तर वरचं काँक्रीट आधी चिरडतं, त्या खडूसारखं, काही न सांगता. सळई किती यापेक्षा ती कुठे आहे आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली का, हे मी जास्त बघतो. स्लॅब पडत असताना मी खाली उतरत नाही.

छज्जा दुसऱ्यांदा टाकल्यावर मी बाईंना सविस्तर पत्र लिहिलं होतं, काही न लपवता. आठवड्याभरात त्यांचं पोस्टकार्ड आलं. वर नेहमीप्रमाणे "अनेक उत्तम आशीर्वाद", आणि खाली एकच ओळ : "या वेळी चेअर किती अंतरावर ठेवल्यास?"

मी उलट टपाली कळवलं, "बाई, दर दोन फुटांवर एक."