तीन वाक्यं आणि टिशूचा डबा

तिसऱ्या सेशनला बसल्या बसल्या ती म्हणाली, “मॅडम, हा नार्सिसिस्ट आहे. मी सगळे व्हिडिओ बघितलेत.” तो शांतपणे माझ्याकडे वळला. “आधीच्या काउन्सेलरना काही कळलंच नव्हतं. तुम्हाला मात्र दोन सेशनमध्येच सगळं लक्षात आलंय.” लग्नाला अकरा वर्षं झालेली. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

तिचं लेबल आणि त्याची स्तुती, दोन्ही मी बाजूला ठेवलं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत नार्सिसिझम, म्हणजे सतत स्वतःचाच मोठेपणा आणि कौतुक हवं असणं, ही व्यक्तिमत्त्व विकृती म्हणून १९८० पासून आहे. नऊपैकी किमान पाच लक्षणं असावी लागतात, तीही तरुण वयापासून आणि घर, नोकरी, मैत्री सगळीकडे. एका जोडीदाराच्या सांगण्यावरून ते ठरत नाही. तो शब्द खोलीत आला की पुढचा तास ‘मी तसा नाही’ हे सिद्ध करण्यात जातो. स्तुतीबद्दल सांगायचं, तर माझा पहिला प्रश्न टोचला की मीही ‘आधीच्या काउन्सेलर’च्या रांगेत जाणार, हे धरून चालते. मराठीत काही जण नार्सिसिझमला ‘स्वमग्नता’ म्हणतात, पण तो शब्द ऑटिझमसाठी रुळलाय. गल्लत होते, म्हणून मी नार्सिसिझमच म्हणते.

मग नेहमीचा सराव घेतला. एकाने बोलायचं, जास्तीत जास्त तीन वाक्यं, एकाच प्रसंगाबद्दल. दुसऱ्याने तेच परत सांगायचं, पदरचं काही न घालता. मग विचारायचं, “बरोबर सांगितलं का?” समोरचा ‘हो’ म्हणेपर्यंत बाजू मांडायची नाही.

ती म्हणाली, “आईचं ऑपरेशन होतं त्या दिवशी तू सातला आलास. तोवर मी एकटीच होते. मला भीती वाटत होती.”

तो म्हणाला, “तिचं म्हणणं, मी तिच्या आईसाठी काहीच केलं नाही. डिपॉझिट कोणी भरलं, ते विचारा.”

थांबवलं. दुसरा प्रयत्न: “तिला भीती वाटली, पण तिला कशाचीही भीती वाटते.” तिसरा: “मी सातला आलो, कारण ऑफिसात माझ्यावाचून पान हलत नाही.” तीनदा सांगितलं, पण ‘एकटी’ हा शब्द एकदाही आला नाही. मी अशी गळालेली वाक्यंच टिपून ठेवते. माणूस ‘मी’ किती वेळा म्हणतो यापेक्षा त्यांतून जास्त कळतं.

मी म्हटलं, “मधलं वाक्य राहिलं.” त्याचा चेहरा उतरला, डोळे भरून आले. “म्हणजे मी वाईटच नवरा. इतकं करूनही माझीच चूक.” ती लगेच पुढे झाली, टिशूचा डबा त्याच्यासमोर सरकवला आणि म्हणाली, “तसं नाही रे, तू खूप केलंस.” घड्याळ बघितलं. सराव सुरू होऊन चौदा मिनिटं झाली होती. आईचं ऑपरेशन, ती वाट बघण्याची संध्याकाळ, सगळं नाहीसं झालं होतं आणि जिचं दुखणं होतं तीच समजूत काढत होती.

बढाया मारणारा माणूस कोणालाही ओळखू येतो. दुखावला जाणारा नार्सिसिझम मात्र नवख्या समुपदेशकाच्या हातून हमखास सुटतो, कारण समोर खरे अश्रू असतात. त्याचे अश्रू खोटे नव्हतेच. ‘चुकलो’ म्हणायची वेळ आली की अशा माणसाला आपण सगळेच्या सगळे कुचकामी आहोत असं वाटतं. ती लाज सहन होत नाही, म्हणून तो चिडतो, नाही तर कोसळतो. दोन्हींत समोरच्याचं बोलणं तिथेच तुटतं.

इथे दोन चुका होतात. ‘बघा, तुम्ही हेच करता’ म्हणून तोंडावर पकडलं, तर पुढच्या आठवड्यात अपॉइंटमेंट रद्द होते. नुसतं सांत्वन केलं, तर बायकोला कळतं की इथेही आपलं कोणी ऐकणार नाही. मी आधी त्याच्याकडे वळले. “हे ऐकणं जड जातंय, दिसतंय मला. दोन मिनिटं घ्या.” मग दोघांना विचारलं, “आता कोण कोणाची समजूत घालतंय? आणि बोलणं कशावरून सुरू झालं होतं?” बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी ती हळूच म्हणाली, “आईवरून.”

एका सराव-फेरीवरून मात्र काही ठरवू नये. बचावाचा पवित्रा आपण सगळेच घेतो. साध्या बचावात एकदा दाखवून दिलं की माणूस ओशाळतो आणि पुढच्या खेपेला जमवतो. म्हणून मी वेगवेगळ्या विषयांवर निदान तीन सेशन बघते आणि भूमिकांची अदलाबदलही करते. त्या दिवशी तो बोलला तेव्हा तिने त्याची तिन्ही वाक्यं जशीच्या तशी सांगितली, वर न विचारता माफीही मागितली. तीही मी टिपून ठेवली.

दोघांना वेगवेगळं भेटणं तर टाळूच नये. तिला एकटीला विचारलं: इथे बोललेलं घरी तुमच्यावर उलटतं का? पैसे, फोन, माहेरी जाणं कोणाच्या हातात आहे? कधी हात उगारला आहे का? यात धाक दिसला असता, तर जोडप्याचं सेशन मी तिथेच थांबवलं असतं, कारण तिथे उघडं केलेलं मन घरी हत्यार म्हणून वापरलं जातं. मग १८१ ही महिला हेल्पलाइन आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा यांची माहिती आधी द्यावी लागते. त्या कायद्यात मानसिक आणि आर्थिक छळही येतो. तिच्या बाबतीत धाक नव्हता, थकवा होता.

घरी आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं, तीनच वाक्यं असा गृहपाठ दिला. पाचव्या सेशनला त्याने आल्या आल्या विचारलं, “माझी प्रगती किती टक्के?” आकडा दिला नाही. पुन्हा तोच प्रसंग घेतला. पहिल्या प्रयत्नात ऑफिस आलं. दुसऱ्यात तो म्हणाला, “मी सातला आलो. तू एकटी होतीस.” आणि त्याचे डोळे भरले. तिचा हात डब्याकडे गेला, पण मध्येच थांबला. तिने तो मांडीवर ठेवला. त्याने खिशातून रुमाल काढला, डोळे पुसले. मी म्हटलं, “तिसरं वाक्य राहिलंय.”